पप्पांनी वेचलेल्या मुंग्या

प्रिय दादा,

जय भीम. तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. फोनवर तू मधेच बोलायला लागतोस आणि मला सांगायचं ते राहूनच जातं. कागदावर तरी तुला माझं बोलणं तोडता येणार नाही.

पप्पा तसेच आहेत. उजवी बाजू गेली ती गेलीच. सकाळी सुगंधाताई येऊन अंग पुसून देतात, मऊ भात मी भरवते, त्यातला अर्धा बाहेर येतो. पलंग हॉलमध्ये लावलाय, कारण आतल्या खोलीत तुझ्या बेडकांच्या काचेच्या टाक्या अजून तशाच आहेत, रिकाम्या. मार्चमध्ये बेडूक मेले तेव्हापासून तू पप्पांशी बोललेला नाहीस. औषधांचे पैसे वेळेवर पाठवतोस, चौकशी माझ्याकडे करतोस, त्यात तू चोख. पण ‘पप्पांना फोन दे’ एवढं काही पाच महिन्यांत तुझ्या तोंडून निघालं नाही.

डब्लिनला जाताना तू चार बेडूक मागे ठेवलेस. पिवळे-काळे, अंगठ्याच्या पेराएवढे. मी तेव्हा म्हटलं होतं, घाटकोपरच्या या घरात माणसांना एसी नाही आणि बेडकांना हवाय, काय थाट आहे! पप्पांनी मात्र पोस्टातली नोकरी केली तशीच ही केली. बरणीत पिकलेल्या केळ्यावर फळमाश्या वाढवायच्या, व्हिटॅमिनच्या पावडरीत घोळवून बेडकांना घालायच्या. टाकीतली एक मादी दुसरीची अंडी खाते हे त्यांना महिन्याभरात कळलं, मग आत पालथ्या ठेवलेल्या करवंटीखाली अंडी दिसली रे दिसली की ते उचलून घ्यायचे. पिल्लंही एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाला श्रीखंडाचा वेगळा डबा. आपण दोघं लहानपणी एका ताटात जेवायचो, याचं त्यांना तेव्हा फार कौतुक वाटायला लागलं होतं. चाराचे एकतीस झाले. मे महिन्यात बेडूक एसीत आणि पप्पा बाहेर पंख्याखाली, बनियन घामाने भिजलेलं. आई गेल्यानंतर मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

मग तूच एकदा व्हिडिओ कॉलवर सांगितलंस, की जंगलात हे बेडूक विषारी असतात, तिथल्या मुंग्या खाऊन विष त्यांच्या अंगात साठतं, आणि घरात वाढलेल्यांना ते नसतं. आमची भीती जावी म्हणून तू सांगितलंस, पण पप्पांच्या मनाला ते लागलं. त्यांचं जे होतं ते आपण घरी आणून काढून घेतलं, असं ते मला दोन-तीनदा म्हणाले. मी हसले. ते मात्र माझा शाळेतला रंगाचा ब्रश घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या बारीक मुंग्या वाटीत वेचू लागले, आणि दर रविवारी बेडकांना घालू लागले. आपल्याकडच्या मुंग्या खाऊन ते विष येत नाही, हे त्यांना कोण सांगणार? तुला विचारायला लाजले. तीन महिने काहीच झालं नाही.

मार्चमधल्या एका सोमवारी बेडूक थरथरू लागले, पाय ताणून उलटे पडू लागले. बुधवारपर्यंत मोठा एकही उरला नाही. मेलेले दोन डबीत घालून मी पवईला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेले. ते म्हणाले, कीटकनाशक पोटात गेलंय. बाहेर गटारात मारलेलं औषध मुंग्यांना लागलं असणार, असं पप्पांनी धरलं आणि मला न विचारता तुला फोन लावला, स्पीकरवर. “मिथुन, मुंग्या मी घातल्या,” एवढंच म्हणाले. तू म्हणालास, “पप्पा, आयुष्यात एक काम सांगितलं होतं तुम्हाला.” आणि ठेवलास. त्यानंतर त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. डब्यांतली पिल्लं माझ्या हातून एकेक करून गेली. जूनमध्ये पप्पांना झटका आला.

दादा, आता जे लिहायला बसले ते. त्या सोमवारच्या आदल्या शनिवारी साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या होत्या. मी स्टेशनबाहेरून मुंग्या मारायचा खडू आणला आणि खिडकीच्या कडेने, ओट्यामागे, सगळीकडे रेघा ओढल्या. पप्पांना सांगायचं सुचलंच नाही. रविवारी त्यांनी वेचल्या त्या या रेघा ओलांडून आलेल्या मुंग्या. डॉक्टर कीटकनाशक म्हणाले आणि मला त्या रेघा आठवल्या. घरी आले ती तडक स्वयंपाकघरात गेले, ओल्या फडक्याने सगळं पुसून काढलं. पप्पा तुझ्याशी बोलत होते तेव्हा मी शेजारीच उभी होते, आणि तोंड उघडलं नाही. तू माझ्यावर चिडशील, एवढीच भीती होती. त्यांच्यावरचा राग दोन दिवसांत निवळेल असं वाटलं. तू निवळला नाहीस, आणि मी रोज उद्यावर ढकलत राहिले.

काल दुपारी त्यांच्या कानाशी बसून मी सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं. शेजारची कुणी बाई बसलीय तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताने पाणी मागितलं. त्यांना आता कळत नाही रे. मुलाने सांगितलेलं एकच काम आपल्या हातून बिघडलं, हेच मनात घेऊन ते जाणार. फोन कर, असं मी लिहीत नाही. ती वेळ मी घालवली. पण तू त्यांच्या मातीला येशील तेव्हा मनात राग धरून उभा राहू नयेस, म्हणून हे पत्र. तुझ्या बेडकांना पप्पांनी मारलं नाही. मी मारलं, आणि पाच महिने पप्पांना ते सोसू दिलं.

तुझीच,
तेजल