निळं पाणी कुणाचं

माणूस आपल्या घराचा राजा असतो, असं वकीलबाईंनी आज मला फार गंभीरपणे सांगितलं. आपलं राज्य बाथरूमच्या छताच्या प्लास्टरपाशी संपतं. त्याच्या वरचा स्लॅब सोसायटीचा आणि स्लॅबवरच्या फरशा तुझ्या सख्ख्या थोरल्या भावाच्या. गळणारं पाणी मात्र कुणाचंच नाही.

ते कुणाचं हे ठरवायला सोसायटीच्या सेक्रेटरींनी दुपारी वर भाऊजींच्या बाथरूममध्ये बादलीभर निळा रंग ओतला. थोड्याच वेळात तो आपल्या टॉवेलांवर, तुझ्या दाढीच्या ब्रशवर आणि माझ्या डोक्यावर उतरला. भाऊजी खाली आले, मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आमचा निळा जरा फिका होता." सेक्रेटरींनी हे मन लावून लिहून घेतलं. मला त्या पाण्यापेक्षा या दोघांची जास्त किळस आली.

वकीलबाईंनी भाऊजींना पाठवायला लिहून दिलेली नोटीस जेवणाच्या टेबलावर ठेवली आहे. कित्येक महिने तू "दादाशी बोलतो" म्हणून वर जातोस आणि चहा पिऊन येतोस. घर तुझ्या नावावर आहे, म्हणून माझी सही चालत नाही. भिजायला मात्र मी चालते. आज सही कर, नाहीतर उद्यापासून छत्री घेऊन आत तूच बस.

भाजी गरम करून घे. केसांचा रंग निघत नाही आणि आपल्या बाथरूममध्ये पाय ठेववत नाही, म्हणून मी अंघोळीला वर भाऊजींकडे गेले आहे. जाऊबाईंनी पाणी तापवून ठेवलंय.