टाकीत हात घालायचा नाही

सोमवार, १० नोव्हेंबर
टाकी बसली. गप्पी माशांची जोडी सोडली – नर काळसर, मादी गुबगुबीत, नारिंगी शेपटीची. संस्कृतीच्या पप्पांची, आप्पासाहेबांची. त्यांची भिंगारहून देवळालीला बदली झालीय. क्वार्टर सोडायचंय, मासे कुणाला तरी द्यायचे होते. संस्कृतीनं माझं नाव सांगितलं. तर म्हणाले म्हणे, "कॉलेज अर्ध्यात सोडणारा तोच ना? बघू, मासे तरी सांभाळतो का." रविवारी स्वतः बघायला येणार. संस्कृती म्हणाली, "मासे नीट दिसले, तर मी त्याच दिवशी आपल्या दोघांचं घरी सांगून टाकते."

म्हणजे सगळं या काचेत येऊन अडकलं.

मंगळवार
पाणी दुधाळ. कालच धुतलेली टाकी! सगळं उपसून आईच्या कढीपत्त्याला घातलं, नवीन भरलं. वाळू पुन्हा धुतली.

बुधवार
परत पांढरं. परत बदललं. टाकीवाल्या दुकानदाराला फोन करून नको ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, काच मी दिली, पाणी तुमचंच हाय." फोन आपटला. स्क्रीनला तडा.

गुरुवार
आई म्हणाली, "त्यात काय एवढं? हंड्यात फिरवतो तशी तुरटी फिरव की." आमच्या नळाला पाणी दिवसाआड, तेही मातकट. तुरटी फिरवली की गाळ तळाला बसतो, लहानपणापासून तेच पितोय. फिरवली. खरंच निवळलं! फोटो काढून संस्कृतीला पाठवला. परत बघतो तर दोघं वर येऊन तोंडं उघडतायत.

तिचा लगेच फोन. "तुरटी? अमृत, मासे आहेत ते, प्यायचं पाणी नाही." अर्धं पाणी काढ, पिंपातलं शिळं पाणी भर, आणि मग हात लावू नकोस. "नव्या टाकीत पाणी पांढरं होतंच. आपोआप निवळतं. तुला कुठलीच गोष्ट जराशी सोडून देता येत नाही का?"

कॉलेज दिलं की सोडून, म्हणणार होतो. अर्धी टाकी कढीपत्त्याला.

शुक्रवार
मासे सावरले. पाणी मात्र पुन्हा पेज ओतल्यासारखं. हात शिवशिवतायत. घरात थांबलो तर काहीतरी करीन, म्हणून उगाच बाजारात फिरून आलो.

संध्याकाळी मादी काचेजवळ आली. एकदम बारीक! काल केवढी होती. आजारी? संस्कृतीला विचारलं. ती म्हणाली, "पोटुशी होती रे ती. गप्पी अंडी नाही घालत, पिल्लंच देते. पप्पांनी मुद्दाम तीच दिली. सांगू नको म्हणाले, बघू याच्या लक्षात येतं का."

आणि मी कालच पाणी ओतलंय. मोबाईलचा टॉर्च लावून कढीपत्त्याखालची माती बोटांनी चाळली. काय दिसणार त्यात.

आई दारातून म्हणाली, "आता झाडाच्या मागं लागला का?"

शनिवार
टाकीत दोन मोठे सोडून काही हलत नाही. कालच्यापेक्षा बरं आहे पाणी, पण तळ दिसत नाही. पाणवनस्पती उचलून बघावं का? नाही बघितलं.

दुपारी नगरला गेलो. त्याच दुकानातून गप्पीची पिल्लं पिशवीत बांधून घेतली. आप्पासाहेबांना काय कळणार! रिक्षा स्टँडवर उभा राहिलो. रिक्षा आली, गेली. परत जाऊन पिशवी दुकानदाराच्या पुढ्यात ठेवली. "आता काय झालं, भाऊ?"

उद्या ते येणार. झोप नाही.

रविवार
आले. संस्कृती मागे, माझ्याकडे न बघता. ते बसायच्या आत बोलून टाकलं – "काका, पिल्लं बहुतेक मी ओतून दिली." ते टाकीपुढं उकिडवे बसले, चष्मा कपाळावर.

"असं गढूळ कधीपासून?"

"मंगळवारपासून. परवापासून हात नाही लावला."

"बरं झालं. स्वच्छ असतं तर या दोघांनीच खाल्ली असती."

त्यांनी काचेवर बोट ठेवलं. वनस्पतीच्या बुडाशी दोन डोळे. शेजारी आणखी दोन. त्यामागं आणखी.

"आईंना चहा ठेवायला सांग," ते म्हणाले. "मोजायला वेळ लागणार."