चित्रपटाचा शेवट खोटा सांगितल्याबद्दल

प्रति,
मा. श्री. गुणवंत राऊत,
व्यवस्थापक, रुग्णसेवा विभाग,
खलिफा सिटी, अबू धाबी.

विषय : रुग्ण श्रीमती शहनाझ बानो यांच्याशी खोटे बोलल्याबद्दल माझ्याविरुद्ध तक्रार नोंदवून घेणेबाबत.
संदर्भ : मला १२ जानेवारी रोजी मिळालेले ‘रुग्णमित्र’ प्रशस्तिपत्र.

महोदय,

मी, ब्रिजिट तुस्कानो, मूळ वसईची, गेली सहा वर्षे आपल्या वॉर्डात रुग्णसाहाय्यक आहे. तक्रारीच्या इंग्रजी फॉर्ममध्ये ‘घटना’ या शब्दापुढे दोनच ओळी आहेत आणि आपण मराठी आहात, म्हणून हा अर्ज.

शहनाझआपा लग्नघरी गाणाऱ्या. इथे मुलीकडे राहतात. गळ्यातल्या गाठीचे ऑपरेशन टाळण्यासारखे नव्हते. पण आवाज जाऊ शकतो, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्यामुळे त्या दोन दिवस कन्सेंट फॉर्मवर सही करीत नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या खोलीतल्या टीव्हीवर हॉलिवूडचा एक जुना संगीतपट लागला होता. एका गायिकेची जीवनकथा. आपांना इंग्रजी कळत नाही, म्हणून मी शेजारी बसून हिंदीत सांगत होते. त्या गायिकेच्याही गळ्याचे ऑपरेशन होते आणि तिचा आवाज परत येत नाही. शेवटी ती थिएटरात बसून आपलेच गाणे दुसऱ्या मुलीच्या तोंडून ऐकते आणि नुसते ओठ हलवते.

पडद्यावर तेव्हा फक्त तिचा चेहरा होता. आपांनी माझा हात धरला. "ये गा रही है ना?"

मी म्हणाले, "हां आपा, आवाज वापस आ गया."

पाच मिनिटांत त्यांनी सही केली.

ऑपरेशन नीट झाले. गाठ गेली, आणि गाणेही गेले. उरली ती घोगरी कुजबुज. यात डॉक्टरांची काही चूक नाही. रुग्णाला धीर दिल्याबद्दल मला मात्र प्रशस्तिपत्र मिळाले. टाळ्या झाल्या. मी केकही खाल्ला.

काल आपा फॉलो-अपला आल्या. काउंटरवर वाकून त्या चित्रपटाचे नाव विचारू लागल्या. मुलीला दाखवायचा होता. मला राहवेना. रुग्णांशी खासगी बोलण्यास मनाई असूनही मी त्यांना बाजूच्या बाकावर नेले आणि खरा शेवट सांगितला.

त्या चिडल्या असत्या तर बरे झाले असते. त्या नुसत्या कुजबुजल्या, "साइन तो करना ही था, बेटा. लेकिन पता होता, तो पहले बेटी के सामने एक बार गा लेती."

त्यांना तक्रार करायची नाही. म्हणून ती मी करते आहे. प्रशस्तिपत्र परत घ्यावे आणि योग्य ती कारवाई करावी, ही विनंती. मात्र ‘हेतू चांगला होता’ असा शेरा कृपया मारू नये. त्या दिवशी माझी ड्युटी तीनला संपत होती, आणि सही झाल्याशिवाय घरी जायचे नाही, असे मला बजावण्यात आले होते.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,

(सही)
ब्रिजिट तुस्कानो
दिनांक : ५ फेब्रुवारी २०२५