रामदासने गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर

मी, आल्हाद दिगंबर सोमण, वय ५८, व्यवसाय संस्कृत-शिक्षक, राहणार टेमघर, भिवंडी, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वहस्ते लिहीत आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर निर्धास्त आहेत. हृदय माझे असल्याने मी तितका नाही. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरी दाखला सोबत जोडला आहे. तो वाचून पत्नी शुभदा हिला आश्चर्य वाटले.

१. टेमघरची सदनिका, बँकेतील ठेवी आणि खाली वेगळ्या न सांगितलेल्या सर्व चीजवस्तू शुभदाच्या.

२. माझे संस्कृत ग्रंथ कन्या अदिती हिला. तिने ते वाचावेत अशी अट नाही. वाळवीला मात्र वाचू देऊ नयेत.

३. सोल्डरिंग आयर्न व मल्टिमीटर पुतण्या मिहिर याला. प्लग काढल्यावरही गिटारच्या अँपमध्ये, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या पेटीत, झटका शिल्लक असतो, हे त्याने एकदा अनुभवले आहे. तेवढे पुरे.

४. चुलतभाऊ भूपेश आमच्या गिटार अँपला पंचवीस वर्षे 'रेडिओ' म्हणत आला. त्याला माझे डिजिटल पेडल द्यावे. बटण दाबताच ते वीस अँपांचे आवाज काढते, स्वतःचा एकही नाही.

५. तो अँप. काचेच्या व्हॉल्व्हचा, जुन्या परदेशी सर्किट-नकाशावरून, मी आणि माझा मित्र रामदास गायकवाड यांनी निजामपुऱ्यात त्याच्या मोटर-वायंडिंगच्या दुकानामागे बांधलेला. आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर रामदासने लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, मोटरींच्या कामातून वेळ काढून हाताने गुंडाळला. गिटार तो वाजवायचा, मी कान द्यायचो. आवाज पूर्ण चढवला की सूर फाटावा पण चिरकू नये, एवढेच आम्हाला हवे होते. दोन वर्षे कपॅसिटर बदलत राहिलो तेव्हा तो सापडला: वेदपाठ करून घसा बसलेल्या भटजीसारखा, खरखरीत पण उबदार.

बारा वर्षांपूर्वी मी निजामपुरा सोडून टेमघरला आलो. त्याआधी चार दिवस अँप डागडुजीला रामदासकडे होता. वास्तुशांतीला पाहुण्यांसमोर त्याने तो लावला, आणि काचेवर खिळा ओढावा तसा आवाज निघाला. तो जोड तपासू लागला. मी सर्वांदेखत म्हणालो, "ट्रान्सफॉर्मर बदललास. चांगला काढून कुणाला विकलास?"

तो म्हणाला, "मास्तर, खोलून बघ. माझ्या हातचाच हाय."

मी खोलला नाही. तो जेवायला थांबला नाही. त्याच्या जागी माझ्या जातीगोतातला कोणी असता तर हा शब्द माझ्या तोंडून निघाला असता का, हे मी स्वतःला फार उशिरा विचारले. उत्तर मला ठाऊक आहे.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी आमच्याकडे विजेचा दाब घसरला. पंखे रेंगाळले. मी अँपला गिटार जोडून सहज तार छेडली, तर निजामपुऱ्यातला सूर जसाच्या तसा! मीटर लावला: एकशे पंचाण्णव व्होल्ट. निजामपुऱ्यात आजूबाजूचे लूम चालू असताना एवढाच दाब यायचा. त्या अर्धपोटी विजेवर आम्ही अँप जुळवला होता. टेमघरला पोटभर दोनशे चाळीस मिळाले आणि तो किंचाळला. मग ट्रान्सफॉर्मर उघडला. आतल्या कागदावर रामदासच्या अक्षरात वेढ्यांची संख्या होती: तोच, जुनाच ट्रान्सफॉर्मर.

हे कळूनही मी दोन वर्षे गप्प राहिलो. कारण लाज. दुसरे शोधले, मिळाले नाही.

सबब अँप, आणि विजेचा दाब कमी करण्यासाठी घेतलेला डिमरस्टॅट, रामदासला द्यावा. देताना त्या दिवशीच्या पाहुण्यांना बोलावून शुभदाने मोठ्याने वाचावे: रामदासने काहीही बदलले नव्हते. मी त्याला चोर ठरवले, ते खोटे होते.

६. कलम पाच रद्द. खोडत नाही, कारण ते वाचले जावे.

कच्चा मसुदा वाचून शुभदा म्हणाली, "म्हणजे माफी मी मागायची, आणि तुम्ही फोटोत हार घालून बसणार?" तिने रामदासला फोन केला. काल तो आला, कलम उभ्यानेच वाचले.

"मेल्यावर वाचून दाखवणार? मास्तर, मी हितं उभा हाय. आत्ता बोल."

शुभदाने भूपेश, मिहिर आणि शेजारच्या रुचिराताईंना बोलावले. वास्तुशांतीला तिघेही होते. मी वाचले. मध्ये दोनदा थांबावे लागले. कोणी मदत केली नाही, ते योग्यच झाले.

रामदास 'माफ केले' असे म्हणाला नाही. त्याने डिमरस्टॅटचा काटा एकशे पंचाण्णववर आणला, दहा मिनिटे वाजवले, आणि अँप रिक्षात घालून नेला.

आता या मृत्युपत्राने त्याला काहीच मिळत नसल्याने, त्याने साक्षीदार होण्यास वकिलांची हरकत नाही. सही करशील का, असे मी फोनवर विचारले.

"सगळं वाचून करीन," तो म्हणाला. "न उघडता, न बघता बोलायची सवय तुझी. माझी न्हाय."

आज तो आला आहे. समोर बसून वाचतो आहे.

ठिकाण: टेमघर, भिवंडी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

मृत्युपत्र करणार: आल्हाद दिगंबर सोमण (सही)

आमच्यासमक्ष सही झाली, साक्षीदार:
१. रुचिरा अनंत दामले, टेमघर (सही)
२. रामदास सखाराम गायकवाड, निजामपुरा (सही; संपूर्ण वाचले. खरे आहे.)