प्लँक्टनचा पालक

३ मार्च
मेहुणा कॉन्फरन्सला चाललाय. त्याच्या पीएच.डी.चे समुद्रातले प्लँक्टन आठवडाभर आमच्याकडे. सोबत मायक्रोस्कोप. त्याने एक स्लाइड दाखवली. एकेका पेशीचे जीव, पण थाट काय! एक काचेच्या डबीसारखा, आत सोनेरी ठिपके. दुसरा तीन शिंगांचा, गिरक्या घेत निघालेला. मी भारावून म्हटलं, यांना मीच सांभाळणार. मेहुण्याने त्याच्या ताईकडे, म्हणजे हिच्याकडे पाहिलं. हिने छताकडे. शेवटी तपकिरी पाण्याची बाटली माझ्या हाती आली. सावलीत ठेवायची, सकाळ-संध्याकाळ हलकेच हलवायची. हे मेले तर पीएच.डी. बुडाली, असं तो म्हणाला.

४ मार्च, पहाटे
उठून हलवली. हे रोज होणार.

५ मार्च
हलवली नाही. त्यांनाही विश्रांती हवीच. मायक्रोस्कोपखाली सगळे ठणठणीत: बुडबुड्यांसारखे गोल, जाड काळी कड, आत स्वच्छ. शिंगं गेली. माझ्या हाताखाली प्रगती दिसतेय. एक लांब, बाकदार जीवही आहे. मी डोळे मिचकावले की तोही हलतो. लाजाळू असावा.

७ मार्च
बाटली दिवसभर गॅलरीत, उन्हात राहिली. मॅच होती. हात लावला तर चटका. स्लाइडवर कुणीच नाही. लाखो जीव गेले आणि मी सोफ्यावर! हिने विचारलं, पाहुणे कसे आहेत. मजेत, म्हणालो. जेवण गेलं नाही. दोनदा वाढून घेतलं, पण चव नव्हती.

८ मार्च
मेहुण्याचा फोन. झोपलेत सगळे, असं सांगितलं. त्याने थँक्यू म्हटलं. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं. उद्या कबूल करायचं. नक्की.

९ मार्च
उद्या.

१० मार्च, सकाळी
ही मेहुण्याला आणायला स्टेशनवर गेलीय. मला खाली बसवेना. निदान हिच्यासाठी काहीतरी चांगलं करावं म्हणून स्वयंपाकघर घासायला घेतलं. खिडकीत कुंडीमागे एक कळकट बरणी होती, तळाशी तपकिरी साका. उजेडात धरून पाहिली. आत कोणी दिसलं नाही. सिंकमध्ये ओतली, साबणाने घासली, उपडी घातली. लखलखतेय. मन जरा हलकं झालं.

दुपारी
मेहुणा आल्या आल्या सगळं सांगून टाकलं. रडूच आलं. तो हसत सुटला. म्हणाला, भाऊजी, तुमच्या बाटलीत मिठाचं पाणी आणि कोरा चहा होता. आयडिया ताईची. खरे प्लँक्टन ताईने स्वयंपाकघरात, कुंडीमागे, जिवापाड जपलेत.

ही ते आणायला आत गेली.

मी बाथरूममध्ये आहे. कडी लावलीय. आत्ताच हाक आली, पूर्ण नावाने.