शंभर यार्ड आणि पाळीचा ताप

तू बिब्बा सुईला टोचून निखाऱ्यावर धरलास, आये, आणि माझी टाच मांडीत आवळून म्हणालीस, "ओरडलास तर बघ." बिब्ब्याला तेल सुटलं, थेंब टाचेच्या चिरेवर पडला आणि मी ओरडलो. तू दुसरा थेंब सोडलास. चुलीवर पेज रटरटत होती आणि खाडीवर काथ्याच्या कामाला जायला तुला उशीर होत होता. "कातळावर पळायला कोणी सांगितलान तुला?" कोणीच सांगितलं नव्हतं. आमच्या बाजूला सपाट जागा तेवढीच होती. पावसाळ्यानंतर तिच्यावरचं गवत वाळलं होतं, आणि गवताखालची जांभ्याची धार मला दिसली नव्हती. "पळून कोणाचा पोट भरला?" असंही तू विचारलंस, पण विचारताना जुन्या लुगड्याची पट्टी फाडलीस आणि टाच अशी बांधलीस की मला चालताना तुझे हात जाणवत राहिले.

बिब्बा दुसऱ्या दिवशी उतला. घोट्यापर्यंत पुळ्या आल्या, खाज सुटली. तू खोबरं वाटून लावलंस आणि स्वतःचा बिब्बा चुकला असं काही म्हणाली नाहीस. मीही पळायचं थांबलो नाही. टाच टेकवायची नव्हती, आणि शंभर यार्ड पळताना ती टेकत नाहीच. मॅट्रिक झालो होतो. दिवाळी झाली की आगबोटीने मुंबईला, मामाने बघून ठेवलेल्या कारकुनीवर. जिमखान्याच्या मैदानावर दरवर्षी होणारी शंभर यार्डांची शर्यत यंदा माझी शेवटचीच होती. आदल्या वर्षी मला मचव्यावरच्या एका तांडेलाच्या मुलाने मागे टाकलं होतं. तो वर्षभर बाजारात भेटला की मागे वळून बघायचा आणि म्हणायचा, "ये, ये, सावकाश ये." त्याला उत्तर द्यायला पुढचं वर्ष मला नव्हतं.

मग पाळीचा ताप आला. एक दिवसाआड, उन्हं कलली की. आधी थंडी, मग आग, मग घाम, आणि मधल्या दिवशी काहीच नाही. सरकारी दवाखान्यातून मी क्विनाईन आणलं. तू ते घेऊ दिलंस, पण त्याच्यावर तुझा विश्वास नव्हता, कारण बाबांनीही ते घेतलं होतं. बाबा गेले तेव्हा मी लहान होतो. मला आठवतं ते एवढंच, की तू त्यांना अंथरुणावरून हलू देत नव्हतीस. पडून राहा, पडून राहा, म्हणत होतीस. ते पडून राहिले.

ताप नसलेल्या दिवशी सकाळी मी कातळावर जायचो. तू लंघन सांगितलंस, मी पेज मागितली. तू पातळ दिलीस, मी तळातली मागितली. "तापाला खायला घालतोस," तू म्हणालीस. मी म्हणालो, "पायांना घालतो." तू पळी तळाला नेलीस. तुझं-माझं भांडण असंच असायचं. कोणी आवाज चढवायचा नाही आणि कोणी मागे यायचं नाही.

शर्यत नेमकी पाळीच्या दिवशी येत होती, आणि तीही उन्हं कलताना. मला वाटलं, आता तू दाराला कडी घालशील. आदल्या दिवशी तू भात वैरता वैरता म्हणालीस, "जा तू. पाळीच्या वेळेला घरात नसलेलाच बरा." पाळी चुकवायला माणसं शेजारच्या घरी जाऊन बसत, हे मला ठाऊक होतं. ताप येतो, बघतो, माणूस नसतो, परत जातो. पण तुझ्या मते त्यात एक खोट होती. "आथरूण रिकामा बघितलान तर तो शोधीत फिरेल. तिथे कोणीतरी पायजे. मी पडते."

"तुला आला तर?"

"येऊ दे. मला कुठे पळायचा हाय?"

तू कामावर खाडा केलास. मुकादम बोलणार होता, आणि तुझा आजवर एकही खाडा नव्हता. मी निघालो तेव्हा तू माझ्या अंथरुणावर माझी घोंगडी डोक्यावरून ओढून भिंतीकडे तोंड करून पडली होतीस, मी पडायचो तशी. मी उंबऱ्यावरून हाक मारली. तू ओ दिली नाहीस. तू मी होतीस, आणि मी घरात निजलेला होतो.

मी रांगेत उभा आहे. कानांत क्विनाईनचं घुं घुं चाललं आहे. शिट्टी ऐकू येईल याचा भरवसा नाही, म्हणून शिट्टी वाजवणाऱ्या मास्तरांच्या गालांकडे बघत राहायचं मी ठरवलं आहे. तेवढ्यात पाठीच्या कण्यातून ती ओळखीची थंडी वर चढते. दात वाजू लागतात. तापाने मला शोधलं आहे. घरी तू त्याची वाट बघत पडली आहेस, आणि तो तिकडे फिरकलाही नाही.

"काय रे," बाजूच्या पट्ट्यातून तांडेलाचा मुलगा म्हणतो, "मला बघून कापरा भरला?"

"तुला बघून हसू आवरत नाय," मी म्हणतो, आणि दातांवर दात दाबून धरतो.

मास्तरांचे गाल फुगतात. मी पळतो. इतका सरळ मी त्याआधी कधी पळालो नव्हतो. वाकडं जायला अंगात ताकदच नव्हती. निम्म्यावर टाचेची पट्टी सुटली आणि मागे फडफडत आली. चीर उघडली ते कळलं, पण दुखलं नाही. शेवटी माझ्या पुढे एकच पाठ होती, तांडेलाच्या मुलाची, आणि ती मला हात लावता येईल इतकी जवळ होती.

त्याने वळून माझा दंड धरला आणि चटका बसल्यासारखा सोडला. "अरे, तू तर तापलायस. आज पाळी होती तुझी?"

"आईला सांगू नको."

"मी कशाला सांगतोय? आजाऱ्याला हरवलान म्हणतील." त्याने आपला कोट माझ्या अंगावर टाकला आणि मैदानाच्या गडग्याआड मला घाम फुटेपर्यंत तो शेजारी बसून राहिला. त्या दिवसानंतर त्याने मला सावकाश ये म्हटलं नाही.

घरी येण्याआधी मी विहिरीवर अंघोळ केली, म्हणजे तुझा हात लागला तरी अंग गार लागलं असतं. दिवेलागण होत आली होती. तू तशीच पडून होतीस. "आला होता?" तू घोंगडीतूनच विचारलंस.

"नाय."

तू उठून बसलीस. केस घामाने कपाळाला चिकटले होते. "मला वाटलाच. दारात कोणीतरी थबकला नि मागे फिरला." बाबा गेल्यापासून तुझा इतका मोकळा चेहरा मी पाहिला नव्हता. मग तू विचारलंस, "पयला आलास?"

"दुसरा."

"दुसरा? ताप नाय, टाच मी बांधलेली. मग दुसरा कसा?"

मी टाच दुसऱ्या पायामागे घेतली.

"म्हणजे तू हळूच पळतोस," तू म्हणालीस आणि चूल पेटवायला गेलीस.

पुढे तू ते सगळ्यांना सांगितलंस. मुंबईहून सुट्टीला आलो की ऐकायचो. पोरगा हुशार, पळण्यात बेताचा. माझ्या बायकोलाही सांगितलंस. मी हसायचो. आता मी, तू गेलीस त्या वयाच्याही पुढे आलो आहे. टाचेवर अजून वण आहे, आणि तुला खरं सांगावं असं मला इतक्या वर्षांत एकदाही वाटलं नाही, असं म्हणणं खोटं होईल. दर वेळी वाटलं. त्या दिवशी मी तापात पळालो, आये, आणि एका हाताच्या अंतराने मागे राहिलो. हे तुला कळावं, एवढ्याचसाठी कागद घेतला. पण तू आत्ता समोर बसून विचारलंस, तर मी नायच म्हणेन. म्हणून हा कागद कुठल्याच टपालपेटीत टाकणार नाही.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या घरातली बाई आपल्या दारात आली होती. तिच्या मुलालाही एक दिवसाआड ताप येत होता आणि त्या दिवशी तो येणार होता. तू माझी घोंगडी खांद्यावर टाकलीस आणि तिच्या मागोमाग गेलीस.