भाऊजींची आलिशान गाडी

३ मार्च, सोमवार

भाऊजींचा फोन. गॅरेजचं शटर वर जायच्या आत! दंतवैद्य माणूस. सकाळी सकाळी दुसऱ्यांच्या तोंडात बघायचं सोडून माझ्या कानात शिरला. गाडी घ्यायची म्हणे. साधीसुधी नाही — मोठी, आलिशान, परदेशी बनावटीची. नवी परवडत नाही, म्हणून बारा-तेरा वर्षांची. "नव्या डबड्यापेक्षा जुना थाट बरा. आणि तपासायला तू आहेसच की."

मी आहेच. गॅरेजवाला मेहुणा म्हणजे घरचा नळ. फिरवला की चालू.

नाही म्हणणार होतो. पण गाडी चालवणार ताई. तिची बदली घाटापलीकडच्या कॉलेजात झाली आहे. रोज जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर, त्यातला निम्मा घाट. भाऊजींचा दवाखाना घराखालीच. त्यांना गाडी हवी ती दवाखान्यासमोर उभी दिसायला. वर मलाच ऐकवतात, "तुझ्या ताईसाठी घेतोय रे, मोठी गाडी सुरक्षित, आठ-आठ एअरबॅगा असतात." हो म्हणालो. ताईसाठी.

५ मार्च, बुधवार

यादी घेऊन आले. 'जुनी गाडी घेण्यापूर्वी तपासायचे एकशे बारा मुद्दे'. कुठून तरी उतरवून, छापून, वर प्लास्टिक चढवून आणलेली! आता त्या प्लास्टिकवर पेन उमटेना. तीन पेनं झाली. शेवटी म्हणाले, "मी लक्षातच ठेवतो."

मी म्हटलं, यादी राहू द्या, चार गोष्टी पाळा. इंजिन गार असताना गाडी बघायची, विकणाऱ्याला आधी चालू करू द्यायची नाही. बघायची ती दिवसाउजेडी. आधी खालून, मग वरून. आणि गाडीसमोर उभं राहून 'वा!' म्हणायचं नाही.

चौथी गोष्ट त्यांच्याच्यानं होणार नाही, हे मला तेव्हाच दिसलं.

८ मार्च, शनिवार

पहिली गाडी. चंदेरी. फाटकातून आत शिरलो आणि भाऊजी — "वा!" विकणारा लगेच दोन इंच उंच झाला.

मी बॉनेटवर तळहात ठेवला. तवा! सकाळचे आठ वाजलेले. "दूध आणायला गेलो होतो," म्हणे. दुधाची पिशवी आणायला एवढी मोठी गाडी! ठीक आहे म्हटलं, गार होऊ दे, आम्ही थांबतो. तिथल्याच कट्ट्यावर तीन तास बसलो. विकणारा चार वेळा बाहेर येऊन गेला. "अहो, किती वेळ बसणार?" "तुमचं दूध निवेपर्यंत," मी म्हटलं.

मग किल्ली फिरवली. आतून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज, मागून निळा धूर. निळा धूर म्हणजे इंजिन तेल पितंय. भाऊजी तेवढ्या वेळात मागच्या सीटवर बसून हात टेकायची जागा वर-खाली करत होते. "चामडं खरं आहे रे!"

माणसाचे दात बघून ते वय सांगतात. गाडी समोर आली की त्यांना फक्त हसू दिसतं.

९ मार्च, रविवार

दुसरी. दार उघडलं तर आत अत्तराचं दुकान. एवढा वास कशाला, हा पहिला प्रश्न. उत्तर गालिच्याखाली. बोटं घातली तर खालचा फोम ओलसर. मागे डिकीत जादा चाक उचललं. खाली बारीक गाळाची साय, वाळून भेगाळलेली. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला, तर शेवटचा हातभर पट्टा मातकट.

"गाडी कधी पावसात बाहेर काढलीच नाही हो!" मालकीणबाई छातीवर हात ठेवून.

खरंच असेल. पाणीच घरी आलं असेल.

बाहेर आल्यावर भाऊजी पुटपुटले, "थोडी ओल म्हणजे काय एवढं? वाळेल की." मी समजावलं, या गाडीत सीटखालीसुद्धा दहा-बारा इलेक्ट्रॉनिक डब्या असतात, त्या वाळत नाहीत, कुजतात. आणि गाडी जुनी झाली म्हणून तिचे सुटे भाग जुन्या भावात मिळत नाहीत. मान डोलावली. मग, "पण वास छान होता."

१२ मार्च, बुधवार

भाऊजींचे सात फोन. सातही रंगाबद्दल.

१५ मार्च, शनिवार

आजची तिसरी. काय सांगावं! मजा.

निळी. इंजिन गार होतं, आवाज चांगला, धूर नाही. मीटरवर अठ्ठेचाळीस हजार. तेरा वर्षांत अठ्ठेचाळीस हजार! पण ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, स्टिअरिंगचं चामडं जुन्या वहाणेसारखं. मीटर मागे फिरवता येतं, रबर पुन्हा उगवत नाही. सर्व्हिसचं पुस्तक मागितलं. हरवलं होतं. अशा माणसांची नेमकी तेवढी पुस्तकं कशी हरवतात!

मालक म्हणाला, चहा घ्या. आत गेलो, चहा झाला, गप्पा झाल्या. बाहेर येतो तर गाडी बसलेली! पुढचं तोंड जमिनीला टेकायच्या बेतात. या गाड्यांना स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे असतात. जुने झाले की उभ्या उभ्या हवा सोडतात. मी मालकाकडे बघतोय, मालक झाडाकडे बघतोय. आणि भाऊजी — "आता जास्त स्पोर्टी दिसते, नाही?"

घरी येऊन हिला सांगितलं. ही पदर तोंडाला लावून हसत बसली. म्हणाली, "तुम्हाला फार आनंद होतो हो, दुसऱ्याची लबाडी पकडली की."

होतोच! वीस वर्षं हेच केलं. विकणारे माझं नाव ऐकून तोंड वाकडं करतात. त्याचा मला अभिमान आहे.

२० मार्च, गुरुवार

चौथी गाडी. काळी.

नीट लिहून काढतो.

मालक सेवानिवृत्त साहेब. चार वर्षांपूर्वी घेतलेली. फाइल पुढे ठेवली — एकेक बिल तारखेवार लावलेलं. इंजिन गार होतं, आम्ही येणार म्हणून मुद्दाम हात लावला नव्हता म्हणे. किल्ली फिरवली, एका ठोक्यात लागलं. गिअर लोण्यातून फिरावेत तसे. गालिचा कोरडा. तासभर उभी केली, बसली नाही. मीच 'वा' म्हणायच्या बेतात होतो.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र फिरवलं. सगळीकडे जाड दाखवत होतं, पुढे तर दुप्पट, म्हणजे अख्खी गाडी पुन्हा रंगवलेली. साहेब म्हणाले, "मी घेतली तेव्हा काळीच होती. आधीचं मला ठाऊक नाही." सरळ माणूस. दाराच्या बिजागरीमागे खरवडून पाहिलं. खाली पांढरा.

मग स्टिअरिंगखाली उताणा पडलो, टॉर्च तोंडात धरून. वायरिंगचा जुडगा खाली ओढला. एका जोडावर टेप नव्हती. मेणाचा दोरा गुंडाळलेला, शेवटी दोन गाठी, टोकं जाळून दाबलेली.

अशी बांधणी या भागात एकच माणूस करतो. उस्तादांनी शिकवलं होतं, टेप उन्हात सुटते, दोरा सुटत नाही. उस्ताद गेले. उरलो मी.

सहा वर्षांपूर्वीची पांढरी. एक दलाल टोचन लावून घेऊन आला होता. तोंड चेपलेलं, एअरबॅगा फुटून लोंबत होत्या. नव्या टाकायच्या तर गाडीच्या निम्म्या किमतीएवढ्या. दलाल म्हणाला, "कोण उघडून बघतंय?" मी आत फोम भरला, वरची झाकणं बसवली. एअरबॅगचा तांबडा दिवा कायम पेटून राहिला असता, म्हणून त्याची तार शेजारच्या दिव्याला जोडली. किल्ली फिरवली की पेटतो, इंजिन लागलं की विझतो. बघणाऱ्याला वाटावं, सगळं जागेवर आहे. काम इतकं साफ झालं की त्या रात्री मी खुश होतो.

आठ एअरबॅगा. आठांच्या आठ फोम.

बाहेर आलो, टॉर्च विझवला. भाऊजींनी विचारलं, "काय रे?" साहेबही बघत होते. आणि मी म्हणालो — "गिअरबॉक्स जाणार आहे. सहा महिन्यांत."

लोण्यासारखा गिअरबॉक्स! साहेबांचा चेहरा पडला. भाऊजींचा त्याहून जास्त.

२१ मार्च, शुक्रवार

रात्रभर विचार केला, सांगून टाकू. काय सांगणार? बाबा मला गॅरेजात घालायला तयार नव्हते, तेव्हा ताई त्यांच्यापुढे उभी राहिली होती. "त्याच्या हाताला खोटं काम जमणार नाही, बाबा." शब्दन् शब्द आठवतो. तिला मी आज काय सांगू, की जमलं? छान जमलं?

आणि गरजच काय. गाडी रद्द झाली. ताई वाचली. काम झालं.

२४ मार्च, सोमवार

भाऊजींचा फोन नाही. बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं. एका गिऱ्हाइकाच्या गाडीत तेल टाकायचं विसरून झाकण लावलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

साहेब ती गाडी दुसऱ्या कोणाला तरी विकतील. हा विचार जेवताना आला. पाणी पिऊन गिळला.

३० मार्च, रविवार

सकाळी गॅरेजसमोर हॉर्न. बाहेर आलो तर काळी गाडी. स्टिअरिंगवर ताई! काच खाली करून हसतेय.

"यांनी मला पण सांगितलं नाही रे! कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दोन दिवस ठेवली होती, गिअरबॉक्स उघडून बघितला. म्हणाले, एक नंबर आहे. तुझ्या कानालाही कधीतरी चकवा बसतो की!"

गिअरबॉक्सच उघडला. मी तेवढाच सांगितला होता ना. भाऊजींनी मला खोटं ठरवायच्या हौसेनं तेवढाच तपासून घेतला. एकशे बारा मुद्द्यांची यादी घेऊन हिंडणारा माणूस, आणि बघायचा तो एकच ठेवला. तोही मीच हातात दिलेला.

"कधीपासून चालवतेस?"

"मंगळवारपासून. घाटात काय पकड आहे रे हिची! काल एका ट्रकला ओलांडलं, कळलंसुद्धा नाही."

मंगळवार ते शनिवार. पाच दिवस. दहा वेळा घाट.

मी आत हात घालून किल्ली काढून घेतली. ती हसत होती अजून, थट्टा वाटली तिला. मग माझं तोंड बघून थांबली. मी तिथंच, रस्त्यावर, खिडकीशी वाकून सगळं सांगितलं. पांढरी गाडी, दलाल, फोम, दिवा. गिअरबॉक्सचं खोटंही. एक शब्द गाळला नाही. मला वाटलं ओरडेल. थोबाडीत मारेल, लहानपणी मारायची तशी. मारली असती तर बरं झालं असतं.

तिनं स्टिअरिंगच्या मधल्या झाकणावर हात ठेवला. बोटानं दाबून बघितलं. मऊ लागलं असणार.

मग उतरली, पर्स घेतली आणि चालत घरी गेली. अडीच किलोमीटर. मी मागोमाग थोडा गेलो. तिनं वळून बघितलं नाही, म्हणून परत आलो.

३१ मार्च, सोमवार

गाडी शेडमध्ये आत घेतली. आठही एअरबॅगा मागवल्या, खऱ्या, कंपनीच्या. माझ्या खर्चानं. स्वतः बसवणार. दोरा कापला.

हिला सांगितलं. आज ही हसली नाही.

१ एप्रिल, मंगळवार

संध्याकाळी ताईचा फोन. एकच प्रश्न — "अशा अजून किती गाड्या केल्यास?"

"ही एकच गं."

"नक्की?"

"तुझी शपथ."

अकरा. त्यातल्या चार अजून माझ्याकडेच सर्व्हिसिंगला येतात.